बी बाजूचं शेवटचं गाणं

मी एक कॅसेट बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मध्येच बंद करू नका. आयुष्यभर लोकांनी माझं तेच केलं. दोन गाणी ऐकायची, तिसरं अर्ध्यावर आणायचं आणि खट्ट! माझ्या बी बाजूला शेवटी एक गाणं आहे. ते कुणीतरी पुरं ऐकावं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं तळमळले. स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नव्हतं आणि स्वभावातही नाही.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याण्णवचा, दमणच्या एका कारखान्यातला. माझ्यात ज्याचा आवाज आहे तो विलायतेतला गायक. काळा कोट, पांढराफटक चेहरा आणि डोळ्यांत चक्क काजळ. आधी तो एका बँडमध्ये गायचा. गॉथिक रॉक म्हणतात त्या प्रकाराला. ढोलांचा दणदणाट, वटवाघळांची चित्रं, स्मशानाच्या गोष्टी आणि त्या सगळ्याच्या तळाशी ह्याचा खर्जातला आवाज. मग बँड फुटला आणि त्याने एकट्याने एक अल्बम काढला. तो म्हणजे मी. ढोल कमी केले, आवाज पुढे आणला. शेवटच्या गाण्यात तर एक पायपेटी आणि तो, बास. गाणं संपल्यावर खुर्ची सरकते आणि तो हळूच खोकतो. तो खोकला कुणी कापला नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

कोल्हापुरात मी चुकून आले. राजारामपुरीत जिनपाल चौगुल्यांची 'चंद्रप्रभू कॅसेट लायब्ररी' होती. त्यांनी बँडच्या पाच कॅसेटी मागवल्या होत्या. खोक्यात चार निघाल्या आणि पाचवी मी.

"ह्यो त्योच हाय की," जिनपालअण्णा कव्हर डोळ्यांजवळ धरून म्हणाले. "पर एकटाच का उभारलाय?"

अण्णा पूर्वी शाळेचं वाचनालय सांभाळायचे. तिथली शिस्त त्यांनी दुकानात आणली होती. प्रत्येक कॅसेटच्या डबीत, कव्हरच्या मागे, एक घडी घातलेली चिठ्ठी. कॅसेट परत करताना त्यावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, मगच पुढची कॅसेट मिळणार. लिहिलेलं अण्णा दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचे. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते मला अण्णांच्या तोंडूनच कळायचं. परत येताना माझी धडधड व्हायची.

पहिला अभिप्राय वृषभ नावाच्या कॉलेजच्या मुलाचा. 'कव्हर बघून घाबरलो होतो. आत घाबरण्यासारखं काही नाही. निराशा झाली.' दुसरा सयाजीचा. तो तालमीत जायचा आणि बँडच्या ढोलावर जोर मारायचा. त्याने लिहिलं, 'जोर मारायला उपयोग नाही. झोप येते.' तिसरे आकाराम गुरुजी. इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी मला नेलं होतं. 'उच्चार अस्पष्ट. विद्यार्थ्यांनी टाळावी.'

मला हसू येत होतं, पण राग जास्त येत होता. यांच्यातल्या एकानेही माझी बाजू उलटली नव्हती.

मग आला शिवशरण. कळंब्याचा, आयटीआय झालेला टर्नर. अख्ख्या राजारामपुरीत त्याच्याइतका त्या बँडचा वेडा माणूस नव्हता. काळा शर्ट घालूनच फिरायचा. त्याचा शब्द लायब्ररीत शेवटचा मानला जायचा. मला वाटलं, हा जाणकार आहे, हा तरी ऐकेल. त्याने मला घरी नेलं, तीन गाणी ऐकली आणि उठला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी वाचलं, 'बँड तो बँड. हा एकटा म्हणजे मीठ न घातलेली आमटी.'

दुकानात हशा पिकला. तिथेच माझं नशीब ठरलं. त्यानंतर जो कोणी मला नेई तो परत आणताना शिवशरणच्या ओळीखाली एकच शब्द लिही, 'वरीलप्रमाणे'. तलाठ्याच्या कागदावर लिहितात तसा. अण्णा एकामागून एक वाचत जायचे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. सात जणांनी तसं लिहिलं. त्यातल्या दोघांनी तर मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलंसुद्धा नव्हतं!

ज्या कॅसेटला मागणी नाही तिला अण्णा 'भरायच्या पेटीत' टाकायचे. लोक आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि ती गाणी असल्या टाकाऊ कॅसेटवर भरून दिली जायची. आमच्या पाठीवर दोन खाचा असतात. त्या उघड्या असल्या की आमच्यावर काही भरता येत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावली की संपलं, जुनं पुसून नवं बसतं. मी चार वर्षं त्या पेटीत होते. शेजारणी एकेक करून उठत होत्या आणि लग्नाच्या बँडची गाणी होऊन जात होत्या. मी वाचले ती बुटकी म्हणून. माझी लांबी चाळीसच मिनिटं. लोकांना नव्वद मिनिटांची हवी असायची.

नव्व्याण्णव साली सीडी आल्या आणि अण्णांनी लायब्ररी बंद केली. उरलेल्या कॅसेटी त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना वाटल्या. एक पिशवी शिवशरणला मिळाली आणि तिच्या तळाशी मी होते. कळंब्याच्या घरात कपाटावर मी दोन वर्षं धूळ खात पडले. तोवर तो कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला लागला होता आणि काळा शर्ट कधीच सुटला होता. घरात बायको भूमिका, आठ वर्षांची शांभवी आणि आई अक्काताई. आईला तो अव्वा म्हणायचा. ती संकेश्वरकडची, आवाज असा खणखणीत की तिने हाक मारली की तलावापलीकडचा माणूस मागे वळून बघेल.

त्याच अव्वाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. मंगळवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

सोमवारी दुपारी शिवशरणला एकदम सुचलं, अव्वाचा आवाज भरून ठेवायचा. सोमवार म्हणजे कोल्हापुरात दुकानं बंद, कोरी कॅसेट कुठे मिळेना. त्याने कपाटावरची पिशवी जमिनीवर ओतली आणि त्यातून मला उचललं. कारखान्यातली काळी चिकटपट्टी त्याने माझ्या बी बाजूच्या खाचेवर दाबून बसवली. मला पळता आलं असतं तर मी पळाले असते.

"ही कशाची रं?" अक्काताईने विचारलं.

"जुनी हाय अव्वा. इंग्रजी गाणी."

तिने माझी डबी हातात घेतली. "ह्येच्या डोळ्यात काजळ हाय की! आई लई जीव लावत असणार. दिष्ट लागू ने म्हणून एवढ्या मोठ्याला बी घालती." मग कव्हरमागची चिठ्ठी बाहेर आली. "ह्ये काय लिवलंय?"

शिवशरणने वाचून दाखवलं. वृषभ, सयाजी, गुरुजी, आमटी आणि मग सात वेळा वरीलप्रमाणे. आमटीपाशी तो थोडा अडखळला.

"आमटी कुणी लिवलंय?"

"मीच की."

"सगळं ऐकलं व्हतंस काय?"

"न्हाय. तीन ऐकली."

"मग मीठ न्हाय म्हणून कसं कळलं तुला?" अक्काताई म्हणाली. "आन आता त्येचं पुसालायस?"

"कोण ऐकत न्हाय त्ये, अव्वा. बोल तू. येळ नगं घालवू."

"ह्या बाजूला किती गाणी हायत?"

"चार."

"तर मग तीन माझी. शेवटचं त्येचं ऱ्हाऊ दे."

"अव्वा, तुझा आवाज परत न्हाय मिळायचा!"

"म्हणून दुसऱ्याचा खरडून काढायचा व्हय? आपल्यात जुंधळ्याचा डबा पुरता रिकामा करून कोण भरतंय काय? तळाला मूठभर जुनं ठेवायचं, मग वर नवं वतायचं. तुझ्या बायकोला बी तेच शिकवलंय मी."

शेवटी त्याने कव्हरवरची मिनिटं बघितली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि लाल बटण दाबलं. चौदा मिनिटं ती बोलली. आधी म्हणाली, मशीनीसमोर काय बोलायचं असतंय. मग लोणच्याचं माप सांगितलं. काठाची हिरवी साडी भूमिकाला द्या म्हणाली. शिवशरणला तंबाखूवरून झाडलं. शांभवीला हाक मारली, तीही पोट भरून. ती बोलत होती आणि माझी तीन गाणी एकामागून एक जात होती. खोटं कशाला बोलू, मला दुखत होतं. पण तिचा आवाज अंगावर बसत होता आणि तो उबदारही लागत होता. चौदाव्या मिनिटाला वाक्य अर्धं टाकून ती म्हणाली, "बास. बंद कर. आता त्येचा नंबर." खट्ट.

ऑपरेशन झालं. अक्काताई घरी आली ती गळ्याला पांढरं फडकं बांधून. जे सांगायचं ते शांभवीच्या पाटीवर लिहून दाखवायची. चौथीपर्यंतची शाळा, मोठी मोठी अक्षरं. त्या घरातली शांतता मला सोसवत नव्हती. तिच्यासमोर मला लावायची कुणाची छाती होत नव्हती.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. अक्काताईने स्वतः मला काढलं आणि लावलं. आपलाच आवाज ऐकत ती भिंतीला टेकून बसली. तंबाखूच्या झाडण्याला तिचे खांदे हलले, हसत असणार. मग 'आता त्येचा नंबर' झालं, तिसऱ्या गाण्याच्या शेपटाचे दोन ठोके वाजले आणि माझं शेवटचं गाणं सुरू झालं. तिचा हात बटणाकडे गेला. मी म्हटलं, झालं, हीसुद्धा. पण हात तिथेच थांबला. पायपेटी वाजली, तो गायला, सहा मिनिटं. खुर्ची सरकली. तो खोकला. तिने गळ्यावरच्या फडक्यावर हात ठेवला. मग मला मागे फिरवून तेवढंच गाणं पुन्हा ऐकलं.

नंतर तिने चिठ्ठी काढली आणि त्यावर काहीतरी लिहिलं. पेन्सिल करकरल्याचं मला ऐकू आलं. काय लिहिलं ते मात्र कसं कळणार? वाचून दाखवायला अण्णा नव्हते.

दोन हजार तीनमध्ये अक्काताई गेली. त्यानंतर शिवशरण मला दर महिन्याला लावायचा. चौदा मिनिटं हुंदका दाबून ऐकायचा आणि 'आता त्येचा नंबर' झालं रे झालं की खट्ट. पुढचा आवाज तिचा नसणार, हे त्याला सहन व्हायचं नाही. पाच वर्षं हे चाललं. मी आतून ओरडत होते. अरे बाबा, चिठ्ठी उघड! तुझ्या आईने काहीतरी लिहून ठेवलंय! पण मला दुसऱ्याचाच आवाज आहे, माझा स्वतःचा नाही. आणि दर वेळी माझी फीत थोडी झिजत होती. अक्काताईचा आवाज पातळ होत चालला होता. मला त्याचीही धास्ती बसली.

ती धास्ती शांभवीलाही होती. दोन हजार आठमध्ये ती अकरावीत होती. मैत्रिणीचा कॉम्प्युटर घरी आणून तिने टेपरेकॉर्डरला वायर जोडली आणि मला लावलं.

"पप्पा, अज्जीचा आवाज ह्यात घेतीय. शेवटी कुठं कापू?"

"अव्वाचं संपलं की काप. पुढचं नको."

मला वाटलं, आता खरंच संपलं. मी संपले तर संपले, पण गाणं कायमचं बाहेर राहणार होतं.

फाइलला काय नाव द्यावं म्हणून शांभवीने कव्हर उलगडलं आणि चिठ्ठी तिच्या मांडीवर पडली. ती मोठ्याने वाचायला लागली. आमटीला हसली. वरीलप्रमाणे मोजत गेली, आणि सातव्यानंतर थांबली.

"पप्पा, हे अज्जीचं अक्षर आहे."

शिवशरण हातातलं टाकून उठला. "वाच."

"'सगळं ऐकलं. दोनदा ऐकलं. पोरगं चांगलं म्हणतंय. आवाज हाय तवर म्हणून घे म्हणावं. अक्काताई.'"

एवढा वेळ मी फिरतच होते. तिकडे अक्काताई तंबाखूवर आली, मग शांभवीला हाक मारली, मग 'आता त्येचा नंबर'. शांभवीचं बोट बटणावर होतं.

"ऱ्हाऊ दे," शिवशरण म्हणाला. "कापू नकोस."

तो खाली बसला, आई बसायची तिथेच, भिंतीला टेकून. पायपेटी वाजली. मी जपून फिरत होते, कुठे अडकू नये, कुठे फीत चुरगळू नये. खुर्ची सरकली आणि गायक खोकला, तसा शिवशरणने चटकन मान वर करून आईच्या खोलीकडे बघितलं. मग त्याने डोळे पुसले.

आता मी एका स्टीलच्या डब्यात असते. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. माझी फीत एका जागी तुटून जोडलेली आहे, पुन्हा वाजेन असं वाटत नाही. गाणं कॉम्प्युटरमध्ये गेलं, अक्काताईच्या पाठोपाठ, खोकल्यासकट. त्यामुळे आता जरा स्वस्थ आहे. तुम्ही इथपर्यंत ऐकलंत, म्हणून एवढंच मागते, कुठल्याही गाण्याला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण बाजू उलटून झाल्यावर.

चिठ्ठी अजून माझ्याजवळच आहे. त्या दिवशी गाणं संपल्यावर शिवशरणने शांभवीकडून पेन मागून घेतलं आणि आईच्या ओळींखाली काहीतरी लिहिलं. लिहिलं थोडंच, पण वेळ फार लावला. डबीत घालण्याआधी शांभवीने ते वाचलं, म्हणून मला कळलं.

'वरीलप्रमाणे.'