एप्रनआड गेलेला सूर्य

"गोळ्या टाका! खिशात औषध आणि ओठांवर मरियामातेचं नाव? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत!"

ब्रदर एवेन्सिओचा आवाज आमच्या जुन्या चर्चच्या कमानींतून घुमत होता. स्पेनमधल्या या वाल्देरोका गावात आम्ही मोजकीच माणसं राहतो, पण मार्चमधल्या त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सांतियागोच्या तीर्थाला चालत निघालेले यात्रेकरूही पाठीवरच्या पिशव्यांसकट गुडघे टेकून बसले होते. सगळ्यांचे डोळे एका खांबाच्या माथ्याकडे लागले होते. तिथे दगडात मरियामाता कोरलेली आहे. तुला बाळ होणार, असं देवदूत तिला सांगतो आहे.

आदल्या दिवशी एवेन्सिओनं हात वर केले आणि उजेडाचा एक झोत नेमका तिच्या पोटावर येऊन थांबला. गावात कुणी असं कधी पाहिलं नव्हतं. झालं! धर्मशाळेत फुकटचं लसणाचं सूप पिणारा हा गडी एका रात्रीत महात्मा झाला.

आज त्याच्या पायाशी पवित्र पाण्याचं घंगाळ होतं आणि लोक त्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं टाकत होते. माझी धाकटी बहीण ओलिवा तिच्या लेकीला, नीवेसला, पुढे ढकलत होती. नीवेसला फिट्स येतात. गोळ्या सुरू होण्याआधी ती एकदा पेटत्या चुलीवर पडली होती. हातावर भाजल्याची खूण अजून आहे.

"ओलिवा, ते पाकीट इकडे दे."

"ताई, तू शाळेत विज्ञान शिकवलंस, देव नाही. आज मध्ये पडू नकोस."

"आणि पोरगी परत चुलीवर पडली तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड!" म्हणत तिनं पाकीट घंगाळात टाकलं.

"मावशी, मला भीती वाटते गं," नीवेस हळूच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे चर्चची किल्ली घराघरांतून फिरते. ज्याच्या घरी किल्ली, त्यानं घंटा वाजवायची. या महिन्यात पाळी माझी होती. काल घंटेकडे चढताना जिन्याच्या वळणावरच्या खिडकीतून मावळतीचं ऊन माझ्या डोळ्यांवरून थेट खाली चर्चमध्ये गेलं होतं. पश्चिमेच्या त्या अरुंद खिडकीतून वारा बोचतो म्हणून आमच्या पणज्यांनी तिला फळ्या ठोकल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात छप्पर दुरुस्त करणाऱ्या गवंड्यांनी त्या काढल्या. मी तिथे गेले, कमरेचा एप्रन सोडला आणि खिडकीवर धरला.

"ये, माते, ये!" खालून एवेन्सिओ ओरडला. अंधारच.

"कुणीतरी औषध लपवलंय! कोण तो पापी?"

"माझ्याकडे आहे एक, हृदयाची," एक म्हातारी रडत म्हणाली आणि तिनं तीही टाकली. तरी अंधारच.

"एवेन्सिओ!" मी वरून हाक मारली. "आता बोलव!"

एप्रन काढला, मरियामातेच्या पोटावर ऊन पडलं. धरला, गेलं. पुन्हा काढला, पुन्हा आलं.

"अगं बाई, ही तर आपली फेलिसा! एप्रन वाळत घालतेय की काय?" कुणीतरी म्हणालं आणि अख्खं चर्च हसलं.

"ही सैतानाची बाई आहे!" एवेन्सिओ किंचाळला.

"सैतानाची नव्हे, किल्लीवाली! सप्टेंबरात तू इथेच मुक्कामाला होतास. दिवस-रात्र सारखी होतात तेव्हा ऊन इथे पडतं, हे तू एकट्यानं पाहिलंस आणि गिळून बसलास. आठवडाभर थांब, ऊन सरकलं की मग बोलवून दाखव! आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी सूर्य बघून ही खिडकी ठेवली. हात जोडायचेच तर त्यांच्या अकलेला जोडा रे! आणि मरियामातेनं कधी कुणाची गोळी मागितली?"

ओलिवा मान खाली घालून उभी होती. नीवेसनं मात्र कुणाला विचारलं नाही. तिनं घंगाळात हात घातला, आपलं पाकीट शोधून काढलं आणि सगळ्यांदेखत, त्याच उन्हात, एक गोळी त्याच पवित्र पाण्याच्या ओंजळीबरोबर गिळली. मग ती म्हातारी पुढे आली. मग बाकीचे आले. त्या धांदलीत एवेन्सिओ कधी सटकला ते कळलंही नाही.

कुणी म्हणेल, फेलिसा खोटं सांगते. मग माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दिवस-रात्र सारखी होतील तेव्हा या, किल्ली ज्याच्या घरी असेल त्याच्याकडून मागून घ्या आणि स्वतः वर चढा. एप्रन मी देते.