पहिलं मत

तंबाखूच्या जुन्या डब्यातून मार्डेल हॉग्लंडच्या हाती सात नंबरचा बिल्ला आला, तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली ही रीत तिच्याही आधीची. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात पाचही न्यायाधीशांनी डब्यात हात घालायचा आणि ज्याच्या हाती जो बिल्ला येईल, त्या खटल्याचा निकाल त्याने लिहायचा. आलेला बिल्ला परत टाकायचा नाही. मार्डेलने बावीस वर्षांत कधी टाकला नव्हता. आता निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, कपाटातली पुस्तकं खोक्यांत गेली होती, आणि नेमका हा खटला तिच्या वाट्याला आला. एका पुतण्याने काकाच्या तोंडी शब्दावर अठरा वर्षं शेत राखलं होतं. काका कागद न करताच गेला. वारसांचं म्हणणं एकच होतं: स्ट्रूबचा निकाल बघा.

स्ट्रूबचा निकाल मार्डेलने लिहिला होता. तो तिचा पहिलाच निकाल.

ऑर्लीन स्ट्रूबने बापाच्या शब्दावर तीस वर्षं गाई सांभाळल्या, लग्नाचा विचार केला नाही. ‘शेत तुझंच आहे’ असं म्हणत म्हणत बाप गेला आणि मृत्युपत्रात नाव निघालं शहरातल्या भावाचं. मार्डेलने लिहिलं होतं, घरच्या मुलीने घरचं काम करणं हा कराराचा पुरावा होत नाही. अकरा पानं, कुठे शब्द इकडचा तिकडे नाही. कायद्याच्या कॉलेजात पोरं तो निकाल पाठ करत.

त्या काळी त्या इमारतीत बाईमाणूस न्यायाधीश होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला मिळालेला झगा पुरुषाच्या मापाचा. बाह्या बोटांवर येत, ती त्या टाचणीने वर घेई. न्यायाधीशांच्या बाजूला बायकांसाठी प्रसाधनगृह नव्हतं, म्हणून तिला जिना उतरून लोकांच्या प्रसाधनगृहात जावं लागे. स्ट्रूबच्या सुनावणीच्या सकाळी तिथे एक बाई नळाखाली हात धरून उभी होती. हात लाल, भेगाळलेले, आणि त्यांना गाईच्या आचळांना लावायच्या मलमाचा वास. मार्डेल शेतावरच वाढलेली, वास तिने लगेच ओळखला. बाईने आरशातूनच विचारलं, “तुम्हीही वरच चाललात का? माझी आज सुनावणी आहे.” मार्डेल “हो” म्हणाली आणि घाईने बाहेर पडली. अर्ध्या तासाने ती वर खुर्चीत बसली, तेव्हा खालच्या पहिल्या बाकावरून ती बाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

सुनावणी संपली की पाच जण मागच्या खोलीत बसत. तिथे कारकुनालाही मज्जाव. दार वाजलं तर सगळ्यांत नव्या न्यायाधीशाने उठून उघडायचं, कॉफीही त्यानेच ओतायची. आणि मतही त्यानेच पहिलं सांगायचं. वडीलधाऱ्यांचं ऐकून नव्याने मान डोलवू नये, म्हणून ही सोय.

त्या दिवशी कॉफी ओतून मार्डेल बसली. ऑर्लीनची बाजू खरी आहे, हे तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला माहीत असलेला शब्द आणि तीस वर्षांची मेहनत, याहून मोठा कागद कुठला? पण चारही म्हातारे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या मनात आलं, पहिल्याच दिवशी बाईने बाईची बाजू घेतली असं हे म्हणतील. तिने मत दिलं ते ऑर्लीनच्या विरुद्ध. दोघांचं मन अजून ठरलं नव्हतं. त्यांतला एक म्हणाला, बाई असून मार्डेलच असं म्हणते तर प्रश्नच मिटला. सगळे तिच्यामागे गेले.

हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. पुढे दर आठ वर्षांनी न्यायाधीशपदाची निवडणूक आली, ती गावोगाव फिरली, पत्रकांवर तिचा फोटो आणि खाली ‘कणखर’ हा शब्द. तो वाचला की तिला पत्रक उलटं ठेवायची घाई होई.

आता सातव्या खटल्यासाठी पाच जण त्याच खोलीत बसले होते. मार्डेल सगळ्यांत जुनी, म्हणून तिचं मत शेवटी. मुख्य न्यायाधीश व्हर्जिल केस्टरही तिच्याहून नवा. सगळ्यांत नवा होता ब्रेमर. त्याने कॉफी ओतली आणि म्हणाला, की स्ट्रूबचा निकाल त्याने कॉलेजात वाचला, इतका नीटस निकाल मोडायचं त्याला काही कारण दिसत नाही. तिच्याकडे बघून तो ओशाळं हसला. दुसरा एक जण त्याच्या बाजूने गेला, व्हर्जिल आणि आणखी एक जण पुतण्याच्या. दोनास दोन. मार्डेल खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली, परत आली, पण बसली नाही.

“तो निकाल चुकला होता,” ती म्हणाली. “आणि तो चुकतोय हे मला तेव्हाच कळत होतं.”

मग तिने सगळं सांगितलं, टाचणीसकट.

व्हर्जिलने चष्मा पुसला. वीस वर्षांचा सोबती, त्याला तिची काळजी वाटली. “मार्डेल, तू निकाल बदल, मी सही करतो. पण हे बाहेर नेऊ नकोस. या खोलीतलं या खोलीत. सहा आठवड्यांनी तुझी तसबीर भिंतीवर चढणार आहे, बाई. कशाला स्वतःच्या हाताने चिखल फासून घेतेस?”

“तुमची मतं या खोलीची,” ती म्हणाली. “भीती माझी होती.”

निकाल तिने लिहिला. पुतण्याला शेत मिळालं. स्ट्रूबचा निकाल चुकीचा होता, त्याची कायदेशीर कारणं चार पानांत आली. त्या चार पानांत भीती कुठेच नव्हती. भीतीला निकालात जागाच नसते. मार्डेलने तो निकाल कारकुनाकडून तीनदा परत मागवला आणि तीनदा तसाच पाठवला. ज्या सकाळी तो जाहीर झाला, त्याच सकाळी ती गाडी काढून शंभर मैलांवरच्या गावी निघाली. गव्हाच्या कोठारांमागे म्हाताऱ्या माणसांसाठी बैठी घरं होती, त्यांतल्या चौथ्या घरात ऑर्लीन राहत होती.

ऑर्लीनने दार उघडलं आणि तिला नीट न्याहाळलं. “नळापाशी भेटला होतात,” ती म्हणाली. “या.”

तिने खजुराच्या वड्या पुढे केल्या, कॉफी ठेवली. बातमी तिने रेडिओवर ऐकली होती. पुतण्याचं बरं झालं, म्हणाली. तिचं शेत भावाने केव्हाच विकलं होतं, तिथे आता कुणाच्या तरी सूर्यफुलांचं पीक होतं. त्या रस्त्याने ती जात नसे. मार्डेल खुर्चीच्या कडेला बसली होती, कोट अंगात, हातमोजे हातात. तिने सांगायला सुरुवात केली आणि चार वाक्यांत सगळं संपलं. ती बावीस वर्षं मनात जे वागवत होती, ते एवढंसंच होतं.

ऑर्लीनने उठून ओट्याचा खण उघडला आणि पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला. पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी, काही पुसट झालेल्या.

“वकिलाला काय काय सांगायचं राहून गेलं, ते लिहून ठेवत होते,” ती म्हणाली. “आठवेल तसं. परवाच एक आठवलं. सत्तर सालच्या गारपिटीत बाबा शेजाऱ्यासमोर बोलले होते, ते मी सांगितलंच नव्हतं. वाटायचं, आपणच नीट सांगितलं नाही, म्हणून हरलो.”

“तुमचं काहीच राहिलं नव्हतं.”

“हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?”

“हो.”

ऑर्लीनने गठ्ठा स्वतःकडे ओढला, कडा जुळवल्या. मार्डेल जायला उठली.

“बसा,” ऑर्लीन म्हणाली. “एवढ्यात सुटका नाही.” तिने पहिला कागद उलटा करून पुढे सरकवला, त्यावर पेन्सिल ठेवली. “मला आत्ता जे सांगितलंत, ते इथे लिहा. खाली सही करा. बाबांनी नुसता शब्द दिला होता. मला आता कागद पाहिजे.”

मार्डेलने हातमोजे काढले. अकरा पानं तिने एका बैठकीत लिहिली होती. हा एक कागद लिहायला तिला दुपार झाली, आणि ऑर्लीन समोर बसून प्रत्येक ओळ वाचत होती.