तुर्पालचं रिकामं स्टूल

मंडळी, आधी एक सांगा. माणसाच्या बाबतीत विश्वास कशावर ठेवावा, त्याच्या तोंडावर की त्याच्या गुडघ्यावर? घाई नाही, सावकाश विचार करा. तोवर मी माझी ओळख करून देतो.

मी एक स्टूल बोलतोय. प्लॅस्टिकचं, लाल, चार पायांचं, बोट घालून उचलायला मधोमध भोक असलेलं. सिंगापूरच्या कुठल्याही कॉफीशॉपमध्ये माझ्यासारखी पन्नास दिसतील. पण बॉक्सिंगच्या रिंगमध्ये सात वर्षं दिव्यांच्या झोतात उभं राहिलेलं, पोस्टरवर आणि टी-शर्टवर छापलेलं स्टूल या बेटावर एकच आहे. आणि हे सगळं का, तर माझ्यावर कुणी बसत नव्हतं म्हणून! सांगतो, सगळं सांगतो.

जन्म खाडीपलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यातला. गरम रस साच्यात पडला, साचा उघडला, मी बाहेर. बारसं वगैरे काही नाही. चाळीस भावंडं एकमेकांच्या डोक्यावर चढून लॉरीतून खाडीवरचा पूल ओलांडून आलो, आणि वुडलँड्सला फिशबॉल नूडल्स विकणाऱ्या एका चिनी मावशीकडे मी कामाला लागलो.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. धंदा बसून शिकलो, म्हणजे लोक बसले आणि मी शिकलो. नुसतं कडेवर टेकणारं गिऱ्हाईक चार घास खाऊन पळणार. पाय पसरून बसणारा थंड पेय मागवणारच. "दोनच मिनिटं हं" म्हणणारा तासभर हलत नाही. आणि "छे, मी कुठे दमलोय" असं म्हणत जो बसतो ना, त्याचा भार सगळ्यात जास्त लागतो.

मावशीने स्टॉल बंद केला तेव्हा चारुदत्तकाका समोरच सूप पीत बसले होते. काका बोटीवरचे चीफ इंजिनियर, निवृत्त झालेले, डोकं पांढरं शुभ्र. तरुणपणी बोटीवर बॉक्सिंग शिकलेले, म्हणून बुकित बातोकच्या एका कारखान्यांच्या इमारतीत, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी जिम काढलं होतं. मावशीने मला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "अंकल, टेक, टेक. फ्री ला." इथल्या इंग्रजीला 'ला' नाहीतर 'आ'ची शेपटी असतेच.

इतकी वर्षं धंद्यात राहून शेवटी मी फुकटात गेलो. अजून लागतं ते मनाला.

जिममध्ये येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे आयटीवाले. सँडबॅगला साहेबाचं नाव ठेवायचं, दहा ठोसे मारायचे आणि माझ्यावर येऊन बसायचं, असा त्यांचा व्यायाम. काकांची मुलगी किमया नोव्हेना भागातल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. ती संध्याकाळी येऊन एकेकाचे खांदे जागेवर बसवायची आणि बरोबर चार शब्दही ऐकवायची.

तिथे एक दिवस तुर्पाल आला. चेचन्याचा, ग्रोझ्नीचा. सत्तावीस वर्षांचा, मान आणि डोकं एकाच मापाचं, बोलणं मोजकं. तिकडे अठरा लढती खेळून झालेल्या, मग दुबई, आणि तिथून इकडे. दिवसा आयटीवाल्यांना शिकवायचं, उरलेल्या वेळात स्वतः तयारी करायची, असं ठरलं. त्याचा डावा हुक बरगडीखाली बसला की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जणू घरात गॅस चालू राहिलाय हे त्याला आत्ता आठवलंय.

त्याची इथली पहिली लढत सहा फेऱ्यांची. आयोजकांच्या स्टुलाचा पाय ऐन वेळी मोडला आणि किमयाने गाडीतून मला आणलं. पहिल्या फेरीची घंटा झाली. विश्रांती एका मिनिटाची. काकांनी मला कोपऱ्यात ठेवलं, बाजूला अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, "प्लीज, प्लीज. बसा."

तुर्पाल उभाच.

"अहो बसा ना," काका पुन्हा म्हणाले. दोघांचं बोलणं इंग्रजीतून चालायचं, पण काकांचं इंग्रजीसुद्धा दारात पाहुणा आल्यासारखं.

"तुम्ही, अंकल," तुर्पाल म्हणाला.

"नाही नाही, आधी तुम्ही."

"अंकल, प्लीज."

घंटा झाली. मिनिट संपलं. मी कोरा.

पाचही विश्रांत्यांना हेच. तुर्पाल जिंकला. आणि प्रेक्षकांत बसलेल्या मिस्टर क्वेक नावाच्या आयोजकाचे डोळे चमकले. "चारु, युवर मॅन नेव्हर सिट्स आ? सहा फेऱ्या, एकदाही नाही!" पंधरा दिवसांत पोस्टर लागलं: तुर्पाल कमरेवर हात ठेवून उभा, शेजारी रिकामा मी. खाली ओळ, 'जो बसतच नाही'. एका ताकदीच्या पेयाची कंपनी पैसे लावायला पुढे आली. बाटलीवर माझं चित्र!

मग काय विचारता! बँकॉक, मनिला, क्वालालंपूर, सगळीकडे मी सामानात. प्रत्येक विश्रांतीला रिंगमधले दिवे मंद व्हायचे आणि एक झोत माझ्यावर पडायचा. लोक शिट्ट्या मारायचे. मंडळी, प्रसिद्ध लोकांची मला आता कीव येते. दिसायचं सगळ्यांना आणि उपयोग कुणालाच नाही. एकदा विमानतळावरच्या तपासनीसाने मला उलटंपालटं केलं, भोकातून पलीकडे पाहिलं आणि शेवटी खात्री करायला माझ्यावर बसला. अहो, मला भरून आलं. त्या वर्षात तेवढाच एक माणूस!

सात वर्षांत सव्वीस लढती, बावीस विजय. पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. रिंगमध्ये माझी उंची तुर्पालच्या गुडघ्याएवढी. सगळे त्याचा चेहरा बघायचे, माझ्या समोर त्याचा उजवा गुडघा. तिसऱ्या वर्षी तो थरथरायला लागला. पाचव्या वर्षी सुजायला लागला. पत्रकार विचारायचे, "दमला नाहीत?" वरून उत्तर यायचं, "बिलकूल नाही." आणि खाली गुडघा नाचत असायचा.

किमयाने पट्टी बांधता बांधता एकदा विचारलं, "अरे, बसत का नाहीस?" तर तो म्हणाला, "अंकल उभे असतात." तिला वाटलं, काकांनीच डावपेच म्हणून उभं ठेवलंय. काकांना वाटत होतं, ही चेचन लोकांची काहीतरी पद्धत असेल, आपण कशाला मोडा. आणि जेवताना कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, काका टिश्यूचं पाकीट टाकून टेबल अडवून आधीच बसलेले असायचे.

गुपित फुटलं ते थालीपिठांमुळे. किमयाच्या वाढदिवसाला काकांनी जिममध्येच डबा आणला होता. दोन स्टुलं, मी आणि एक निळं. काका यजमान, पाहुणा बसल्याशिवाय कसे बसतील? तुर्पाल वयाने लहान, वडीलधारे उभे असताना कसा बसेल?

"बसा, गार होतंय."

"तुम्ही, अंकल."

"अहो, पाहुणे तुम्ही."

"मोठे तुम्ही."

किमया लोण्याचा चमचा हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला. "बाबा! रिंगमध्ये पण हेच चालतं का? सात वर्षं? ओ माय गॉड! तुम्ही दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' करताय आणि जग त्याला स्टॅमिना समजतंय?"

काका मटकन निळ्यावर बसले. त्याबरोबर तुर्पालही माझ्यावर बसला, सहज, कसलीही अडचण नसल्यासारखा. पहिल्यांदा! पण ते थालीपिठापुरतं. धंद्याच्या भाषेत, घरगुती वापर.

"झालं तर मग," किमया म्हणाली. "पुढच्या लढतीत बाबा आधी बसतील, मग तू बस. तुझ्या गुडघ्यातली गादी झिजलीय. दहा फेऱ्या उभा राहिलास तर पुढे जिने चढताना कठडा धरावा लागेल. मस्करी नाही करत."

तुर्पालने मान हलवली. "आता नाही बसता येणार. लोक मी उभा राहतो ते बघायला येतात. बसलो तर म्हणतील, सात वर्षं फसवत होता."

हे खरं संकट. पुढची लढत विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होती, दहा फेऱ्यांची, मनिलाच्या चोवीस वर्षांच्या तडफदार लढवय्याशी. तुर्पाल चौतिसाचा. हरला तर पुन्हा पट्ट्याची संधी नाही. आणि उभा राहिला तर गुडघा नाही. मिस्टर क्वेकने तर बजावूनच ठेवलं होतं, "यू सिट, स्पॉन्सर गो. सिंपल."

लढतीच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. पहिल्या फेरीनंतर झोत माझ्यावर, शिट्ट्या, तुर्पाल उभा. दुसरी, तिसरी, तसंच. चौथीत मनिलावाल्याने त्याला दोरांवर रेटलं. पाचवीनंतर तुर्पाल कोपऱ्यात आला तेव्हा गुडघा माझ्या कडेवर टकटक आपटत होता. दार कुणी तरी वाजवतंय आणि आत घ्यायला कुणी नाही, असा आवाज. मी लाकडाचा असतो तर त्याला ओढून घेतलं असतं. प्लॅस्टिकला कुठली एवढी ताकद!

"बसा, प्लीज," काका म्हणाले.

"नको, अंकल."

सहावी फेरी कशीबशी निभली. घंटा झाली. तुर्पाल लंगडत आला आणि दोर धरून उभा राहिला. रिंगच्या खालून क्वेक ओरडत होता, "स्टँड! स्टँड ला!"

आणि चारुदत्तकाकांनी काय करावं? सहासष्ट वर्षांचा माणूस रिंगच्या जमिनीवर चक्क मांडी घालून बसला. पंगतीत बसतात तसा. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर टॉवेल. हॉलमध्ये हशा पिकला. काकांनी वर पाहिलं, आणि जन्मभर सगळ्यांना अहो-जाहो करणारा तो माणूस शुद्ध मराठीत गरजला, "तुर्प्या, बस खाली! मी बसलोय, दिसत नाही? बस म्हणतो ना!"

मराठीचं अक्षर तुर्पालला येत नव्हतं. पण वडीलधाऱ्याचा हुकूम कळायला भाषा लागत नाही.

तो बसला.

मंडळी, वजनकाट्यावर तो एकोणसत्तर किलोचा. माझ्यावर आला तेव्हा माझे चारी पाय फाकले. सात वर्षांचं उभं राहणं एकदम उतरलं होतं ते. मागचा एक पाय कडकन तडकला, पण मी दात आवळून, म्हणजे जे काय असतं ते आवळून, उभा राहिलो. धंद्यात एक दिवस असा येतो की त्या दिवशी मोडायचं नसतं.

हॉलमध्ये हुर्यो सुरू झाली. "सिट आ? ही सिट!" कुणी तरी बाटली भिरकावली, त्यावर माझंच चित्र. तुर्पालने डोळे मिटले होते. किमया त्याचा गुडघा चोळत होती. काका खालून पाणी पाजत होते.

सातवी फेरी तुर्पालची. बसला. आठवी तुर्पालची. बसला. नववी त्या मनिलावाल्याने काढली, पण दहावीत डावा हुक बरगडीखाली असा बसला, की पंचाने आठ आकडे मोजेपर्यंत पोरगं एक गुडघा टेकून खाली राहिलं.

निकाल लागला. तुर्पाल एका गुणाने हरला.

क्वेक माईक घेऊन धावत वर आला आणि तुर्पालच्या कानाशी कुजबुजला, "से हँड इंज्युरी. से हँड!" मी खालीच होतो, सगळं ऐकलं. तुर्पालने माईक घेतला. हात वर करून दाखवला, धडधाकट. मग म्हणाला, "हाताला काही झालेलं नाही. मी दमलो होतो."

"कितव्या फेरीपासून?" कुणी तरी ओरडलं.

तुर्पालने जरा हिशेब केला. "सात वर्षांपासून."

आधी हसणं फुटलं. मग टाळ्या. रिकाम्या स्टुलाला मिळायच्या त्यापेक्षा कमीच, पण या मी ओळखल्या. फिशबॉलवाल्या मावशीकडे पोट भरलेली माणसं उठताना तिला "चांगलं होतं हं" म्हणायची, तशा होत्या या.

पेयाची कंपनी गेली. क्वेकने न झोपणारा कुणी तरी शोधून काढलाय म्हणे, त्याला माझा नमस्कार सांगा. तुर्पालच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने ग्लोव्ह्ज उतरवले. आता तो बुकित बातोकला शिकवतो. घंटा झाल्यावर जो बसत नाही, त्याला दोरीवरच्या शंभर उड्या. काका आले की तो अजूनही ताडकन उठतो, आणि काका दारातूनच ओरडतात, "बस रे!" अहो-जाहो संपलं. दोघांनाही बरं वाटतंय, असं दिसतं.

माझं म्हणाल, तर तडकलेल्या पायाला किमयाने तीच चिकटपट्टी गुंडाळलीय जी ती बॉक्सरांच्या मनगटाला गुंडाळते. दाराशी असतो मी. लोक बूट घालायला बसतात. परवा पुण्याचा एक मॅनेजर टेकला, फोनवर बायकोला सांगत होता, "नाही गं, मस्त आहे मी, अजिबात थकलो नाही." आणि मी तर खाली दबून चाललो होतो!

म्हणून तुम्हाला हात जोडून, चारही पाय जोडून म्हणा हवं तर, एवढंच मागतो. बाकीचे हिशेब तुम्ही ठेवताच, त्यात मी पडत नाही. पण स्वतःच्या दमण्याचीही एक वही घाला. ज्या दिवशी दमलात त्या दिवशी 'दमलो' असं लिहा. तारखेसकट लिहा, खाडाखोड न करता. आणि कुणी आपला माणूस 'बस' म्हणाला, तर त्याच मिनिटात बसा.