लॅपटॉपच्या बाजाराचा आखरीचा दिवस

आमच्या बादलला कोणत्याही गोष्टीला 'थांब' म्हणायची खोड आहे. माणूस पैसे खिशात टाकून, चपला घालून दारात उभा राहिला, की हा मोबाईलवर बोट फिरवत म्हणणार, "थांब ना, काहून घाई करून राह्यला?" त्याच्या काकाला फोन घ्यायचा होता, तो थांबवला. शेजारच्या गुलाबसिंगला टीव्ही घ्यायचा होता, त्यालाही थांबवलं. तो बिचारा सगळे सामने आमच्या घरी येऊन पाहायचा आणि वर माझा चहा प्यायचा. पांढरकवड्याच्या मोबाईलच्या दुकानात कामाला लागल्यापासून अख्खा तांडा यालाच विचारून खरेदी करतो, आणि कोणी विचारलं की याची मान कशी ताठ होते ते पाहावं. नवरदेवाचीही तेवढी होत नाही.

तांड्याचं जाऊ द्या. मी सांगते ते आमच्या घरातलं आहे. बादलची बहीण वर्षा, माझी नात, तिच्या लॅपटॉपचं.

वर्षानं यवतमाळला राहून सिव्हिलचा डिप्लोमा केला. तिथल्या अनघा मॅडमचं ऑफिस रस्त्यांचे, पुलांचे नकाशे काढतं. त्यांनी वर्षाचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, घरी बसूनच कर. पावसाळा संपला की झरी जामणीकडच्या रस्त्यांचं मोठं काम येणार आहे, ते तुलाच देते. फक्त लॅपटॉप तुझा स्वतःचा पाहिजे आणि जड नकाशे ओढणारा पाहिजे. साधासुधा त्या कामात बसून जातो म्हणे, अशक्त बैलासारखा.

पैशाची अडचण नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच हळहळत बसायचा. माझा मुलगा सेवादास हैदराबाद रोडवर स्वतःचा ट्रक चालवतो. त्यानं ऐकलं त्याच दिवशी वर्षाच्या खात्यात पैसे टाकले आणि मला फोन केला. "याडी, बादलले संगं घेऊन जा म्हणा तिले. त्याले समजते त्यातलं."

तिथंच फसलं.

वर्षानं एक पसंत केला होता, त्याला बादलनं नाक मुरडलं. म्हणाला, "आत्ता नको. नवी चिप येऊन राह्यली. ती आली की आजचा लॅपटॉप भंगारात. अन् जुन्याचाही भाव पडते. दोन्हीकडून आपलाच फायदा."

"भिया, माझं काम पावसाळा संपला की सुरू होते," वर्षा म्हणाली.

"मग संपू दे ना पावसाळा. आता तं लागला."

मलाही ते बरोबर वाटलं. आमच्या घरात ते कोणालाही बरोबरच वाटलं असतं.

आम्ही मूळची लदेणीची माणसं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी. ते फिरणं गेलं, शेती आली, तांडा एका जागी बसला, पण बैलाची पारख हातात राहिली. माझे मालक डोंगरसिंग बैलबाजारात पहिल्या दिवशी कधी सौदा करायचे नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं फिरायचं, बैलाचे दात पाहायचे, नाक मुरडायचं आणि पुढं जायचं. पहिल्या दिवशी विकणाऱ्याची मान वर असते. आखरीच्या दिवशी त्याचा कडबा संपलेला असतो, आजूबाजूच्या राहुट्या उठायला लागतात, आणि बैल तसाच परत नेला तर घरी बायकोचं बोलणं खायचं असतं. तेव्हा मालक जायचे. रुमालाखाली हात धरून बोटांनीच भाव ठरवायचे आणि बाजारातली देखणी जोडी पडत्या भावात घेऊन यायचे. 'आखरीच्या दिवसाचं गिऱ्हाईक' म्हणत आमच्या घराला. बादल हे ऐकत मोठा झाला. माझ्याच मांडीवर. रक्त आजोबाचंच आहे, नुसता माल बदलला, असं त्याला वाटत होतं.

पोळा झाला, नवी चिप आली नाही. कंपनीनं पुढं ढकललं म्हणाला. दसऱ्याला म्हणाला, आता दिवाळीचा सेल लागते. सेल लागला तर म्हणाला, "हे गोडाऊन झाडून राह्यले दादी. आपण कायले त्यांचा केर उचलायचा?" दिवाळी उलटली आणि ती चिप एकदाची आली. मला वाटलं, सुटलो. वर्षानं पिशवी काढली. तर हा मोबाईल पाहत बसलेला. "पहिला लॉट हाय. गरम होते म्हणतात. दुसरा येऊ दे."

"बाळंतपण हाय का रे," मी म्हटलं, "पहिलं अवघड अन् दुसरं सोपं?"

तो हसला. माझी सून मैनाबाईही हसली. वर्षानं पिशवी परत खुंटीला लावली.

मी जास्त बोलले नाही. मी आता भांडायला थकते. एके काळी माझ्या एका भांडणात शेजारची घरं जेवण सोडून बाहेर यायची. आता वाक्य अर्ध्यावर आलं की दम लागतो, आणि उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यावं असं वाटतं. समोरचे घेत नाहीत.

मधल्या काळात अनघा मॅडम हात चालू राहावा म्हणून वर्षाला छोटे छोटे नकाशे पाठवायच्या. ते ती पांढरकवड्याला प्राचीकडे जाऊन करायची. प्राची तिच्याबरोबर शिकलेली, वडील कचेरीत, घर शिकलेलं. तिचा लॅपटॉप रिकामा झाला की वर्षा बसायची. मैत्रिणी आहेत, बसत असतील, एवढंच मी समजून होते.

ऐन कापूस वेचणीत माझे गुडघे सुजले. डॉक्टरला दाखवायला पांढरकवड्याला गेले आणि येताना वर्षाला घेऊन जाऊ म्हणून प्राचीच्या घरी थांबले. पाहते तर माझी नात ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. प्राची आत तिच्या कामात होती.

प्राचीची आई रत्नप्रभाबाई बाहेर आली. "या आजी, बसा ना. वर्षा काय, रोजचीच आहे आमची."

'रोजचीच' शब्द तसा चांगला आहे. पण बाईनं तो असा ठेवला, की मला खाली बसवेना.

"प्राचीचं आटोपलं की बसेलच ती," बाई म्हणाली. "फक्त ते मशीन फार तापतं हो तिच्या नकाशांनी. प्राचीचे बाबा म्हणत होते. म्हणजे तक्रार नाही हं."

"तक्रार नाही तं सांगता कायले बाई?" मी म्हटलं. "अन् तक्रार असन तं नीट करा. आम्हाले मोठ्या आवाजाची सवय हाय."

वर्षानं माझा दंड धरला. इतक्यात प्राची बाहेर आली, बस म्हणाली, आणि वर्षा आत जाऊन कामाला लागली. तिचं होईपर्यंत मी ओट्यावर बसून राहिले. चहा आला. मी घेतला नाही. खरं तर मला तो पाहिजे होता, पण घेतला नाही.

बाहेर रस्त्याला लागल्यावर वर्षा म्हणाली, "दादी, सकाळी मॅडमचा फोन आलता. झरी जामणीचं काम त्यांनी दुसऱ्याले देलं. त्याच्यापाशी मशीन हाय."

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे तुझं काम?"

"गेलं. मॅडम म्हणाल्या, तुझा हात चांगला हाय, पण दुसऱ्याच्या मशीनवर एवढं मोठं काम मी कसं देऊ? पुढचं आलं तं पाहू म्हणाल्या."

"मग आज इथं कायले बसली होती, सकाळी समजलं तं?"

"हातातला नकाशा राह्यलता ना. अर्धा कसा पाठवू?"

रडली नाही. आमच्या घरात बायका रडल्या की रस्त्यावर ऐकू जातं. ही पोरगी काहीच न झाल्यासारखी ऑटो शोधत होती. मी तिला म्हटलं, ऑटो नको, आधी बादलच्या दुकानात चल.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मालक बाहेर गेलेला. बादल फोनला काच चिकटवत होता, त्याचा स्वतःचा लॅपटॉप बाजूला उघडा होता. मी म्हटलं, "तिचं काम गेलं."

त्यानं मान वर केली. वर्षाकडे पाहिलं. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोलू. काच तशीच हातात राहिली. मग म्हणाला, "जाऊ दे, दुसरं भेटन. म्हणजे आता घाई बी नाई राह्यली. मार्चपर्यंत थांबू. तसेही भाव वाढले हाय."

"वाढले? तू तं पडतीन म्हणे."

"आता हे कोणाले माहीत होतं दादी? तिकडे मोठमोठ्या कंपन्यायनं सगळी मेमरी उचलून नेली, सगळ्या जगात भाव चढला. माझ्या हातात हाय का ते?"

"मग पावसाळ्याच्या तोंडी ज्याले नाक मुरडलं, तो आता कितीले भेटते?"

"तो येतच नाई आता."

मी काउंटरला टेकले. गुडघे ठणकत होते. म्हटलं, "बादल, मले एक सांग. हा बाजार उठते कधी?"

"कोणता बाजार?"

"हाच, लॅपटॉपचा. आखरीचा दिवस कोणता याचा?"

तो हसला. "हा नाई उठत दादी. रोज नवा माल येते."

"म्हणजे विकणाऱ्याचा कडबा नाई संपत?"

"नाई."

"त्याले घरी नाई जायचं?"

"तो घरी बसूनच विकते."

गिऱ्हाईक हसलं. बादलही त्याच्याबरोबर हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"मग तू कोणाच्या भरवशावर वाट पाहून राह्यला होता?" मी म्हटलं. "तुझा आजा थांबे, कारण त्या बाजाराले शेवट होता. अन् अजून एक. तुझा आजा थांबे तेव्हा त्याच्या दावणीले जोडी बांधलेली राहे. ज्याची जमीन वल्ली होऊन पडली अन् घरी बैल नाई, तो माणूस पहिल्याच दिवशी भेटन ती जोडी घेऊन धावत सुटे. तुझा आजा त्याले कधी हसला नाई. हे मी तुले सांगतलं नसन, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ज्याचं नांगरणं अडलं तो घेणारच." मी त्याच्या उघड्या लॅपटॉपकडे बोट केलं. "तुझी जोडी ही इथं बांधली हाय. वर्षाच्या दावणीले काय हाय?"

गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, माझी काच?"

आम्ही दोघी तिथून चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. वर्षाच्या कामाचे तिथं दोनच होते. दोन्ही महाग. पावसाळ्याच्या तोंडी पाहिलेल्यापेक्षा महाग, आणि वर मेमरी त्याहून कमी. वर्षानं दोन्ही उघडून पाहिले, मला न समजणारे प्रश्न विचारले, आणि एकावर हात ठेवला. दुकानदार म्हणाला, "घरी कोणाला विचारायचं असेल तर विचारून घ्या ताई, मी ठेवतो बाजूला."

"नाई विचारायचं," वर्षा म्हणाली.

ऑटोत तिनं खोकं मांडीवर धरलं होतं. आनंद म्हणावा तर तसं तोंड नव्हतं. काम गेलेलं, मशीन आलेलं. नवरदेव निघून गेल्यावर मांडव घातल्यासारखं. हायवेवर ट्रकच्या ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रक सेवादासचाच वाटत होता. त्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

घरी मैनाबाईनं हळदकुंकू काढलं. "याडी, पडद्यावर नको!" असं वर्षा आईवर ओरडली, तेव्हा खोक्यावर लावलं. मग पोरगी खाटेवर बसली, मशीन चालू केलं आणि मॅडमना कळवलं, की आता माझ्याकडे आहे, लहानमोठं काहीही पाठवा. उत्तर आलं नव्हतं. तरी तिनं आपला एक जुना नकाशा उघडला आणि त्यातल्या रेघा परत ओढायला घेतल्या.

दिवाबत्तीला बादल आला. हातपाय धुतले, आणि न विचारता खाटेवर टेकून लॅपटॉप तिरपा करून पाहिला, मागचं लेबल वाचलं. चुकचुकला. "मेमरी कमीच हाय. यात पैसे जास्त गेले. दादी, येत्या महिन्यात भाव पडला तं मले बोलायचं नाई, सांगून ठेवतो."

मैनाबाईचा हात पिठात थांबला. वर्षानं लॅपटॉप सरळ केला आणि रेघ ओढत राहिली. मला खरंच झोपायचं होतं. पण हे माझ्याशिवाय कोणी बोलणार नव्हतं.

"पडू दे भाव," मी म्हटलं. "उद्या सकाळी पडू दे. तुले कोणी बोलणार नाई. तू हुशार हाय बादल, तांड्यात तुझ्याएवढं यातलं कोणाले समजत नाई, हे मी कोणासमोरही सांगन. पण इतके महिने तू तिच्यासाठी लॅपटॉप पाहत नव्हता. तू तुझी अब्रू पाहत होता. आपण घेऊन देला अन् दुसऱ्या दिवशी त्याहून चांगला निघाला तं लोक बादलले हसतीन, याचं भेव होतं तुले. त्या भेवापायी तुझी बहीण लोकायच्या ओट्यावर बसली, अन् मले तिथं चहा नाही म्हणा लागला. आता ऐक. ज्याचं काम अडलं, त्याले तू 'थांब' म्हणायचं नाई. त्यानं घाईत महाग घेतलं, कमी घेतलं, जसं घेतलं तसं घेतलं, तू ते मुकाट्यानं चालू करून द्यायचं. सेवादासले फोन लाव, अन् काम कसं गेलं ते तुझ्या तोंडानं सांग. अन् सरक तिकडे, पोरीच्या उजेडात बसला तू."