वैशाखातली थंडी

मी एक जुना कूलर आहे. अकोल्यातल्या एका पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. ठोकून ठोकून माझं अंग चौकोनी केलं, पोटात पंखा बसवला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि उद्धवराव मास्तरांनी मला ठेल्यावर घालून घरी आणलं. मित्रांनो, आमच्या गावच्या उन्हाची कीर्ती तुम्ही ऐकलीच असेल. इथं मे महिन्यात जावयापेक्षा कूलरचा मान मोठा!

खिडकीत बसवल्यामुळे माझं तोंड घरात आणि पाठ अंगणात असे. होळी झाली की मास्तरांच्या पत्नी सिंधूबाई मला न्हाऊ घालत. आमच्या भागातलं पाणी खारं. आत पांढरा थर चढतो आणि पंपाचा श्वास कोंडतो. चाकूनं तो थर खरवडताना त्या म्हणत, "बस बाप्पा, आता पाऊस येईलोक आमाले सांभाळ." त्यांची लेक जुईली तेव्हा लहान होती. ती माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽऽ" करायची. वाऱ्यानं आवाज थरथरला की खिदळायची. एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

जुईली मोठी झाली, अमरावतीला शिकली, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागली. यंदा वैशाखात ती अचानक नोकरी सोडून घरी आली. आल्या आल्या तिनं माझं बटण बंद केलं आणि गोधडी ओढून भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर कावळे चोच उघडी टाकून बसले होते, आणि ही पोरगी कुडकुडत होती! चेहरा सुजल्यासारखा, फणीत केसांचे पुंजके. "जेवली काय?" असं विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा उठून जाई.

मास्तरांची थोरली बहीण सुंदराबाई शेजारीच राहत. त्यांनी निकाल दिला, "कूलरचा गारवा मुरला तिच्या हाडात. लहानपणी तोंड घालून बसे ना याच्यात! काढा तो डबडा. अन् अमरावतीचे पाहुणे पोरगी पाहाले येऊन राहिले. अशी गोधडीत दिसली तं काय म्हणतील?"

मास्तर शाळेत विज्ञान शिकवतात, पण थोरल्या बहिणीपुढे ते विज्ञान चालत नाही. त्यांनी मला खिडकीतून उपसून अंगणात न्हाणीजवळ टाकलं. खिडकीला पुठ्ठा लावला. माझ्या डोक्यावर सुंदराबाईंनी कुरडया वाळत घातल्या. सारं घर घामानं निथळू लागलं. जुईली मात्र गोधडीतच.

एका संध्याकाळी सिंधूबाई कुरडया उलटायला आल्या. मागोमाग जुईली येऊन पायरीवर बसली, गोधडीसकट.

"आई, कूलर तं बंद हाय ना? मंग मले थंडी काहून वाजते?"

सिंधूबाईंनी आणखी एक कुरडई उलटली.

"अन् सकाळ झाली का भेव वाटते वं. एवढा मोठा दिवस कसा काढू, तेच समजत नाही."

सिंधूबाईंचा हात कुरडयांवरच थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या, "माही माय अशीच बसे. बाळापुरात, भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. आमच्या घरी तवा कूलर कायचा, पंखाबी नोता. लोक म्हणत, बाहेरचं हाय. निंबू उतरवत तिच्यावरून."

"गोदाआजीले? मले कधी सांगतलं नाही तुनं!"

"तुह्या लग्नात आडवं येईन म्हणून," सिंधूबाई म्हणाल्या आणि माझ्याच कडेला टेकल्या. माझा पत्रा तापलेला होता. त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. परतल्यावर अंगणातच तोंडं वाजली, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला थायरॉईड, कुणाला अशी उदासी? मास्तर म्हणाले, नाही. सिंधूबाई म्हणाल्या, आहे. माझ्या आईला होतं.

"दवाखान्यात घरची अब्रू सांगतली काय तुनं?" सुंदराबाई कडाडल्या.

"अब्रू नाही सांगतली, अक्का. बिमारी सांगतली."

पुढे रक्ताची तपासणी झाली. जुईलीच्या गळ्यातली एक छोटीशी ग्रंथी शरीराची ऊब आणि चाल राखणारं हार्मोन पुरेसं बनवत नव्हती. हा कमजोरपणा जनुकांमधून आजीकडून नातीपर्यंत येऊ शकतो. अशा जनुकांचा उदासीशीही काही धागा असावा, पण तो फार गुंतागुंतीचा आहे, जाणकार अजून उकलतच आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जनुकं म्हणजे कुंडली नाही मास्तर. त्यात भविष्य वाचू नका. पण ती लपवूही नका." त्यांनी थायरॉईडची गोळी दिली, मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं आणि सिंधूबाईंना म्हणाल्या, तुमचंही रक्त तपासू.

मला हे माझ्यापरीनं समजलं. गल्लीतले सगळे कूलर तेच खारं पाणी पितात. कुणाचा पंप लवकर गुदमरतो, कुणाचा उशिरा. त्यात कूलरची लबाडी नसते. थर मात्र कुणीतरी खरवडावा लागतो.

सिंधूबाईंनी अमरावतीच्या पाहुण्यांना फोनवर सगळं सांगून टाकलं. "कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही. मास्तर अधूनमधून फोनकडे बघतात. जुईली गोळ्या घेते. काही दिवस पायरीवर बसून आईशी भांडते, तेव्हा घराला बरं वाटतं. काही दिवस पुन्हा भिंत.

परवा मास्तरांनी मला स्वतः खरवडून खिडकीत बसवलं. बटण कुणी दाबलं नाही. दुपारी जुईली आली, जाळीला तोंड लावून हळूच "आऽऽऽ" म्हणाली. मी तर बंद होतो, तरी आवाज थरथरला.

मित्रांनो, भर उन्हात कुणी गोधडी मागितली तर कूलर जरूर बंद करा. पण त्याला अंगणात टाकून मोकळे होऊ नका. त्या माणसाजवळ बसा. दवाखान्यात न्या. आजी कशी बसायची, तेही सांगा.

मी खिडकीत थांबलो आहे. माझ्या जातीनं असं म्हणणं नवलच, पण त्या पोरीला एकदा सणसणीत उकडावं, आणि बटण तिनंच दाबावं.