ओढ आणि सोड

कवळी बसवून आठ दिवस झाले तरी मुकादमांचा 'स' काही परत आला नव्हता. 'सकाळ' म्हणायला जावं तर नुसती वाफ बाहेर पडायची. दंतवैद्यानं बजावलं होतं, "महिनाभर घरी मोठ्यानं वाचायचं. हिरड्या दुखल्या तर कवळी काढून ठेवायची. आणि तोवर ओरडायचं काम नको." घ्या! मुकादमांचं पोट दोर ओढणाऱ्या गड्यांना ओरडून हाक देण्यावरच तर चालत होतं.

बायकोनं सांगून पाहिलं. "अहो, जावई तुमच्याच टोळीत आहेत, एक महिना त्यांना हाक देऊ द्या की. बिघडलं काय?"

"माझ्या दोरावर दुफऱ्याची हाक? मी मेलो का?" मुकादम गरजले. 'दुफऱ्याची' ऐकून ती तोंड फिरवून हसली आणि यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. सर्दी झालीय म्हणत तोंडाला रुमाल लावून हिंडत राहिले.

त्या दिवशी एका छापखान्यात भलंमोठं यंत्र खड्ड्यातल्या पायावर बसवायचं होतं. कप्पीवरून गेलेला दोर भिंतीपलीकडे सहा गड्यांच्या हातात. त्यांना यंत्र दिसत नव्हतं, पण मुकादमांची हाक पुरायची. 'ओढ' म्हटलं की यंत्र वर, 'सोड' म्हटलं की खाली. खड्ड्यात उतरून यंत्राखाली लाकडी ठोकळे सरकवायचं काम जावयाचं. आणि नियम एकच, मुकादमांचाच: दोरावर भार असताना हाक त्यांची, बाकी कुणी ब्रसुद्धा काढायचा नाही.

"सोड!" मुकादम ओरडले. तोंडात पाणी साचलेलं, वरची कवळी टाळूवरून सुटली आणि 'स' तिच्यातच अडकला. पलीकडे पोचली ती 'ओढ'. यंत्र हिसक्यासरशी वर गेलं आणि झोके घेऊ लागलं. जावई खड्ड्याच्या कडेला चिकटून उभा राहिला.

"अरे, काय करताय! शोड म्हटलं, शोड!"

"आत्ता ओढ म्हणालात ना?" पलीकडून म्हातारा गडी ओरडला. मग बाकीच्यांना म्हणाला, "भोंगा बिघडलाय रे आज. ओढ ऐकू आलं की सोडायचं, काय?" भिंतीपलीकडे खसखस पिकली. मुकादमांनी ते सगळं ऐकलं आणि गिळलं. कवळीखाली हिरडी सोलून निघाली होती, तोंडाला रक्ताची चव येत होती. थांबावं असं एकदा मनात आलंही, पण थांबायचं म्हणजे कारण सांगावं लागणार.

यंत्र वीतभर खाली यायचं उरलं तेव्हा एक ठोकळा तिरका झाला. तो सरळ करायला जावयानं हात घातला, ठोकळा निसटला, यंत्र एका बाजूनं कललं आणि चार बोटं खाली सापडली. भार अजून दोरावर होता म्हणून ती शाबूत होती. दोर आणखी बोटभर सुटता तर हातच गेला असता.

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. नियम म्हणजे नियम. तो फक्त सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

'ओढ' म्हणायचं होतं. त्यात 'स' नाही, कवळीची आडकाठी नाही. मुकादमांनी छाती भरून श्वास घेतला आणि तिथंच त्यांना म्हाताऱ्या गड्याचे शब्द आठवले. ओढ ऐकू आलं की सोडायचं!

भिंतीला वळसा घालायला वेळ नव्हता. ओरडून समजवावं तर निम्मं ऐकूनच दोर सोडतील. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मुकादम खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसले.

"जावईबापू, तुम्ही हाक द्या." कामावर त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"मामा, पण नियम..."

"खड्ड्यात गेला नियम! द्या हाक!"

"ओढ!" जावई जिवाच्या आकांतानं ओरडला. "ओढा रे, ओढा!"

"हा भोंगा नाही रे, पोराचा आवाज आहे! ओढा!" पलीकडून म्हातारा गडी ओरडला. मग दोर ताणला, यंत्र कुरकुरत वर गेलं आणि जावयानं हात बाहेर ओढला. दोन नखं काळीनिळी, पण बोटं सगळी हलत होती.

मुकादम भिंतीपलीकडे गेले. सगळ्यांसमोर दोन्ही कवळ्या काढून त्यांनी रुमालात गुंडाळल्या. मग बोळक्या तोंडानं ते बोलले. "दात गेलेत माझे. हाक नीट येत नाही, आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. त्या पोराचा हात जाणार होता आज माझ्यापायी. आता हाक त्याची."

म्हातारा गडी थोडा सरकला आणि मुकादमांनी त्याच्यामागे दोर धरला. तळहातांना त्याची सवय राहिली नव्हती.

"सोड," भिंतीपलीकडून जावयाची हाक आली. मुकादमांनी दोर सोडायला सुरुवात केली, बोट बोट, तो सांगेल तेवढाच.