पुढच्या फाटकातून

“बाई, आता मुकाट्यानं उतरता, की हाताला धरून उतरवू?”

“लावून बघ हात,” मी म्हटलं. “तुझ्या आईच्या वयाची आहे मी. आणि माझा हात तिच्यापेक्षा जड आहे.”

हा डॉक्टर फोस. औषधं देणारा नव्हे, कायद्यातला. टीडेमानचा मोटार कारखाना बुडाला, तेव्हा त्याची आवराआवर करायला बँकांनी पाठवलेला. डोक्याला तेल, बुटाला पॉलिश, बाकी काही नाही. मी बसले होते कारखान्यातल्या शेवटच्या नोर्डश्टेर्न मोटारीत, मागच्या सीटवर. डोक्यावर चर्चला जायची हॅट, मांडीवर पर्स. भोवती जोडणी विभागातले सगळे पुरुष घोळका करून उभे. त्यात माझा नवरा हिन्नर्क, लाजेनं बिटासारखा लाल झालेला.

या हिन्नर्कची उमेदीची सगळी वर्षं टीडेमानच्या गाड्यांना दारं बसवण्यात गेली. लढाईत आमच्या ब्रेमेन शहरावर बॉम्ब पडले, कारखान्याचा ढिगारा झाला, तेव्हा त्याच ढिगाऱ्यातल्या विटा आम्ही नवराबायकोनं हातानं वेचल्या. तेव्हा कुठला डॉक्टर आला नव्हता. मग लहान गाड्या निघाल्या, कारकुनाला, मास्तराला परवडणाऱ्या. छान चाललं होतं. पण म्हाताऱ्या टीडेमानच्या डोक्यात भरलं, दक्षिणेतल्या बड्या कारखान्यांच्या तोडीची गाडी आपणही काढायची. नाव ठेवलं नोर्डश्टेर्न, म्हणजे ध्रुवतारा. काळी, लांबलचक, आत कातडी गाद्या. खाली स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या. गाडी म्हणे रस्त्यावरून तरंगणार.

तरंगली. आणि नाट्यगृहासमोर, अर्ध्या शहरादेखत, पिशवीतली हवा जाऊन हट्टी गाईसारखी बसलीसुद्धा. पेपरवाल्यांनी चित्रं काढली. कामगारांनी वर्षभर राबून ती खोड काढली. गाडी अगदी जशी हवी तशी झाली, आणि नेमका तेव्हाच बँकांनी हात आखडला. आमच्या शेजारणीचं पोर जन्मलं, ते अजून धड बोलतही नव्हतं. तेवढ्यात गाडी जन्मली आणि मेलीही. बँकेतल्या बड्यांनी पेपरात काय छापून आणलं? कामगारांचे पगार फार होते! तो पेपर मी चुलीत घातला.

त्या दिवशी सकाळी कॉफी पिताना हिन्नर्क म्हणाला, “आज शेवटची गाडी. लवकर येईन. कोळशाच्या फाटकातून सोडणार आहेत.”

“कोळशाच्या? का?”

“पुढं फोटोवाले आहेत. एकेकानं मागनं निघायचं, घोळका करायचा नाही.”

“आणि तू हो म्हणालास?”

तो गेला आणि मी हॅट घातली. फाटकावरचा पहारेकरी क्योस्टर म्हणाला, “बेरेन्सबाई, आज बाहेरच्यांना मनाई आहे हो.”

“मग तोंड तिकडं कर,” म्हटलं. त्यानं केलं.

तर मी गाडीत. डॉक्टर फोस घड्याळ बघतोय.

“तुम्हाला हवंय तरी काय?”

“हा माझा माणूस पुढच्या फाटकातून बाहेर जाईल. या गाडीत बसून. घरापर्यंत.”

“ही गाडी बँकेची मालमत्ता आहे!”

“दारं बँकेनं बसवली का?”

“मी पोलिसांना बोलावतो.”

“बोलाव की. त्यांच्यामागनं फोटोवालेही येतील. चर्चच्या हॅटमधल्या बाईला चार पोलीस ओढताहेत. झकास फोटो निघेल. तू जरा उजेडात उभा राहा.”

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तेवढ्यात मुकादम ब्रुगेमान पुढं आला. कारखाना बुडाल्यापासून या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“साहेब, या गाडीची चाचणी राहिलीय. रस्त्यावर फिरवल्याशिवाय गाडी द्यायची नाही, असा नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“आमचा.” आणि तो चाकामागं जाऊन बसला. “चाचणीला मागं वजन लागतं.”

“वजन तर केव्हाचं बसलंय!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा विभाग हसला.

“कोण रे तो? घरी ये, तुझ्या बायकोशी बोलते!” मी ओरडले. पण खरं सांगते, ते हसू ऐकून बरं वाटलं.

डॉक्टर पाठ फिरवून निघून गेला. हिन्नर्क तसाच उभा.

“बस ना आता!”

“गेसिना, माझे कपडे ग्रीसचे आहेत.”

“बस म्हणते ना!”

तो भिंतीकडं गेला. तिथं खाकी कागदाची गुंडाळी होती. नव्या गाद्या मळू नयेत म्हणून कामगार तो अंथरायचे. त्यानं कागद फाडला, सीटवर नीट पसरला, एक पायाखाली. बूट काढून हातात घेतले. माझं डोकं फिरलं.

“कुणासाठी जपतोस रे? बँकेसाठी?”

“गाडीसाठी,” तो म्हणाला.

ब्रुगेमाननं गाडी पावलांच्या चालीनं काढली. मागून सगळे पुरुष चालत आले, सगळ्यांच्या सगळे, पुढच्या फाटकापर्यंत. क्योस्टरनं दोन्ही दारं सताड उघडली. फोटोवाल्यांचे दिवे चमकले. मी काचेतून त्यांच्याकडं असं बघितलं, की एकानं कॅमेरा खाली केला.

आमच्या गल्लीत खिडक्या उघडल्या. शेजारीण रजई झटकायची थांबली. गाडी दाराशी उभी राहिली, न हिंदकळता. हिन्नर्क उतरला, वाकून कागद उचलू लागला. त्याच्या कागदाला एक सुरकुती नव्हती. खालचं कातडं ताणलेलं, कोरं. सगळा रस्ता हा माणूस टेकलाच नव्हता. पायांवर भार घेऊन, बूट छातीशी धरून आला होता. इथं कुणी बसून गेलं, हे विकत घेणाऱ्याला कधी कळलंही नसतं.

माझ्या बाजूला चांगला खळगा पडला होता. तो तळहातानं सारखा करायला हिन्नर्क आत वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे,” म्हटलं.